अणुपाणबुडीचे कडक मास्तर : हायमन रिकोव्हर यांचं जीवनचरित्र



मागच्या आठवड्यात माझ्या पाचवीच्या वर्गात पाणी, वाफ आणि ऊर्जा असा विषय चालला होता. बोलता बोलता गाडी पाणबुडीवर आली. काही पाणबुड्या अणुऊर्जेवर चालतात, त्यांना डिझेल लागत नाही आणि त्या महिना-दोन महिने पाण्याखालीच राहतात, असं मी मुलांना सांगितलं. मुलं खूश झाली. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मॅडम, आत जी माणसं असतात त्यांना काही होत नाही का, असं तिने विचारलं.

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. उद्या सांगते म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येऊन वाचायला बसले, तेव्हा प्रत्येक ठिकाणी एकच नाव पुढे येत राहिलं : हायमन रिकोव्हर. जगातली पहिली अणुपाणबुडी यांनी उभी केली. त्यांचं चरित्र वाचलं तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळतं. पूर्ण मिळत नाही, पण त्याबद्दल शेवटी बोलू.

थोडक्यात ओळख

पूर्ण नाव : हायमन जॉर्ज रिकोव्हर
जन्म : २७ जानेवारी १९००, माकूव्ह माझोव्हिएत्स्की (आजचा पोलंड)
काम : अमेरिकन नौदलातील अभियंता अधिकारी, पुढे ॲडमिरल
ओळख : अणुशक्तीवर चालणाऱ्या नौदलाचे जनक
नौदलातील सेवा : ६३ वर्षे
मृत्यू : ८ जुलै १९८६

शिंप्याचा मुलगा

हायमनचा जन्म एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी पोलंडचा तो भाग रशियाच्या झारच्या ताब्यात होता आणि ज्यू लोकांवर वरचेवर हल्ले व्हायचे. वडील अब्राहम शिंपीकाम करायचे. जीव वाचवायचा आणि पोट भरायचं म्हणून हे कुटुंब अमेरिकेला गेलं. आधी न्यूयॉर्क, मग शिकागो.

घरची परिस्थिती बेताची होती. नवव्या वर्षी हायमनने पहिली कमाई केली. शेजारी मशीनवर काम करायचा, तेव्हा त्याला उजेड दिसावा म्हणून दिवा धरून उभं राहायचं, तासाला तीन सेंट. विचार करा, तिसरी-चौथीतलं पोर दिवा धरून तासन्‌तास उभं आहे. पुढे आयुष्यभर दुसऱ्याच्या कामावर उजेड पाडायचंच काम या माणसाने केलं, असं मला वाचताना सारखं वाटत होतं.

हायस्कूलला असताना तो तारा पोचवायचं काम करायचा. शाळा सुटली की सायकल आणि तारा. या कामामुळे त्याची शिकागोच्या एका संसद सदस्याशी, ॲडॉल्फ साबाथ यांच्याशी ओळख झाली आणि त्यांच्या शिफारशीने १९१८ साली अनापोलिसच्या नौदल अकादमीत प्रवेश मिळाला. तिथे शिक्षण फुकट होतं, गरीब घरच्या मुलाला याहून मोठं काय हवं? १९२२ मध्ये ५४० जणांत १०७ वा येऊन तो बाहेर पडला. पहिला नाही, दुसरा नाही, १०७ वा. पालकहो, हे जरा लक्षात ठेवा.

पाणबुडीतली तीन वर्षे

सुरुवातीला रिकोव्हर यांनी विनाशिका आणि युद्धनौकेवर काम केलं. मग कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. तिथेच त्यांची रूथ मास्टर्स यांच्याशी ओळख झाली. रूथ आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक होत्या. १९३१ साली दोघांचं लग्न झालं.

१९३० ते १९३३ या काळात ते एस-४८ नावाच्या पाणबुडीवर होते. जुनी, सतत बिघडणारी डिझेलची पाणबुडी. आत तेलाचा वास, बॅटरीची भीती, ओल आणि कोंदट हवा. पाणबुडीतलं जगणं म्हणजे काय असतं, ते त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, अंगावर घेतलेलं होतं.

पुढे त्यांनी अभियंता अधिकारी म्हणूनच काम करायचं ठरवलं. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या जहाजबांधणी खात्याच्या विद्युत विभागाचे प्रमुख होते. कुठला भाग का जळतो, कुठली वायर धक्क्याने का तुटते, हे ते मोडलेल्या जहाजांवर जाऊन स्वतः बघायचे. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात बुडालेल्या कॅलिफोर्निया या युद्धनौकेची विद्युत यंत्रणा पुन्हा चालू करण्याच्या कामातही त्यांचा हात होता.

अडचण काय होती?

आता थोडं विज्ञान बघू. मुलांना सांगताना हा भाग नीट सांगा.

डिझेल इंजिनाला हवा लागते. पाण्याखाली हवा कुठून आणणार? म्हणून जुनी पाणबुडी वर असताना इंजिन चालवून बॅटऱ्या भरायची आणि पाण्याखाली बॅटरीवर चालायची. बॅटरी संपली की हवेसाठी पुन्हा वर. म्हणजे ती खऱ्या अर्थाने पाण्याखाली राहणारी बोट नव्हतीच, अधूनमधून बुडी मारणारी बोट होती.

अणुभट्टीत काहीच जळत नाही. युरेनियमचे अणू फुटतात, त्यातून उष्णता निघते. ती उष्णता पाणी शोषून घेतं. हे पाणी प्रचंड दाबाखाली असतं, म्हणून ते उकळत नाही. ते नळ्यांमधून जाताना दुसऱ्या, वेगळ्या पाण्याची वाफ करतं. त्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि टर्बाइन बोटीचा पंखा फिरवतं. कुकरची शिट्टी सगळ्या मुलांनी बघितलेली असते, तिथून सुरुवात करा. इथे फक्त गॅसच्या जागी युरेनियम आणि शिट्टीच्या जागी टर्बाइन. भट्टीतलं पाणी आणि वाफेचं पाणी एकमेकांत मिसळत नाही, हे मात्र मुद्दाम सांगा. सगळी सुरक्षितता त्या एका गोष्टीवर उभी आहे.

१९४६ मध्ये नौदलाने काही अधिकाऱ्यांना अणुविज्ञान शिकायला ओक रिजला पाठवलं. त्यात ४६ वर्षांचे रिकोव्हर होते. या वयात ते पुन्हा विद्यार्थी झाले. परत आले ते अणुपाणबुडी करायचीच हे डोक्यात घेऊन. तेव्हा बहुतेकांना हे काम फार दूरच्या भविष्यातलं वाटत होतं. रिकोव्हर यांनी एक हुशारी केली. नौदलात एक खुर्ची आणि सरकारच्या अणुऊर्जा आयोगात दुसरी खुर्ची, अशा दोन्ही जागा मिळवल्या. मग कुठलीही फाईल अडली की एका खुर्चीतून पत्र जायचं आणि दुसऱ्या खुर्चीतून उत्तर यायचं!

पण फाईलपेक्षा धातूचा प्रश्न मोठा होता. भट्टीतल्या इंधनावर असं आवरण हवं होतं, जे गरम पाण्यात गंजणार नाही आणि न्यूट्रॉन गिळणार नाही. झिर्कोनियम हा धातू योग्य होता, पण तो मुठीत मावेल एवढाच बनत होता आणि त्यात हाफ्नियमची भेसळ असायची. हाफ्नियम न्यूट्रॉन गिळतं. रिकोव्हर यांनी झिर्कोनियम शुद्ध करण्याचा अख्खा उद्योग उभा करायला लावला. वेगळं काढलेलं हाफ्नियमही वाया गेलं नाही. न्यूट्रॉन गिळतं म्हणूनच ते भट्टी आवरणाऱ्या दांड्यांसाठी वापरलं गेलं.

पहिली भट्टी पाणबुडीत बसवलीच नाही. आयडाहोच्या ओसाड पठारावर, समुद्रापासून शेकडो मैल दूर, पाणबुडीचाच एक तुकडा बांधला आणि त्यात ती चालवून बघितली. १९५३ च्या जूनमध्ये २४ तासांची चाचणी ठरली होती. ती पार पडल्यावर रिकोव्हर यांनी चाचणी चालूच ठेवायला सांगितली. भिंतीवर अटलांटिक महासागराचा नकाशा लावला आणि पाणबुडी किती पुढे गेली असती ते त्यावर आखत गेले. सुमारे १०० तासांनी कागदावरची पाणबुडी महासागर ओलांडून पलीकडे पोचली.

नॉटिलस

खरी पाणबुडी कनेक्टिकट राज्यातल्या ग्रोटन गावी, इलेक्ट्रिक बोट कंपनीच्या गोदीत बांधली गेली. नाव नॉटिलस. १४ जून १९५२ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते बांधणीला सुरुवात झाली आणि २१ जानेवारी १९५४ रोजी ती पाण्यात उतरली.

याच काळात एक घटना घडली. बोट धक्क्याला असतानाच वाफेची एक छोटी पाईप फुटली. तपास केला तर तिथे जोड नसलेली अखंड पाईप हवी होती आणि बसवली होती लांबीला वेल्डिंग केलेली साधी पाईप. दिसायला दोन्ही सारख्याच. आणखी कुठे कुठे अशी चुकीची पाईप बसलीय ते कागदपत्रांवरून कळत नव्हतं. रिकोव्हर यांनी काय करावं? त्या मापाची सगळी पाईप उपटून नवी बसवायला लावली. हजारो फूट. उशीर झाला, खर्च झाला, लोक चिडले. पण हाच तो माणूस होता.

१७ जानेवारी १९५५ रोजी नॉटिलस पहिल्यांदा अणुशक्तीवर निघाली. त्याच वर्षी तिने न्यू लंडन ते पोर्टो रिको हे सुमारे २,२०० किलोमीटरचं अंतर जवळजवळ ९० तासांत, एकदाही वर न येता कापलं. पहिल्या वेळी भरलेल्या इंधनावर ती सुमारे १ लाख किलोमीटर चालली. ३ ऑगस्ट १९५८ रोजी तर ११६ माणसांना घेऊन बर्फाखालून थेट उत्तर ध्रुवावर पोचली.

आणि या माणसाला मान किती मिळाला ते ऐका. १९५१ आणि १९५२ अशी दोन वर्षे नौदलाने त्यांची बढती नाकारली. नियमाने त्यांना घरी बसावं लागणार होतं. संसद सदस्यांनी आवाज उठवला तेव्हा कुठे १९५३ मध्ये ते रिअर ॲडमिरल झाले. ध्रुवाच्या मोहिमेचा सत्कार व्हाइट हाउसमध्ये झाला, त्याचं आमंत्रणही त्यांना नव्हतं. त्यांचा स्वभाव तिखट होता, वरिष्ठांनाही ते सोडत नसत, हे खरं. पण त्यांचं ज्यू असणं आणि अभियंता असणं हेही अनेकांना खुपत होतं.

मुलाखतीची खुर्ची

अणुपाणबुडीवर जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत रिकोव्हर स्वतः घ्यायचे. समोरच्या खुर्चीचे पुढचे दोन पाय थोडे कापलेले असायचे. बसलेला माणूस सारखा पुढे घसरायचा आणि त्यातच अवघड प्रश्न. माणूस गोंधळल्यावर खोटं बोलतो की चूक कबूल करतो, हे त्यांना बघायचं असे.

१९५२ साली एक तरुण अधिकारी मुलाखतीला आला. अकादमीतला आपला क्रमांक त्याने अभिमानाने सांगितला. रिकोव्हर यांनी शाबासकी दिली नाही. तिथे तू तुझं सगळं देऊन अभ्यास केलास का, एवढंच विचारलं. तरुण हो म्हणणार होता, पण थांबला आणि नेहमीच नाही केला, असं खरं सांगितलं. रिकोव्हर यांनी पुढचा प्रश्न टाकला, का नाही? आणि खुर्ची फिरवून घेतली. तो तरुण म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर. तो प्रश्न ते विसरले नाहीत, आपल्या पुस्तकाला त्यांनी त्यावरूनच नाव दिलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅनडात चॉक रिव्हर इथे एक अणुभट्टी बिघडून तिचा गाभा वितळला. ती उकलण्याच्या कामाला मदत करायला कार्टर यांची तुकडी गेली. आत किरणोत्सार इतका होता की एका माणसाला जेमतेम दीड मिनिट थांबता येत होतं. म्हणून जवळच्या टेनिस कोर्टवर भट्टीची नक्कल उभी केली आणि कुठला स्क्रू कोणी काढायचा याचा सराव केला. मग पळत आत, आपला स्क्रू काढायचा, पळत बाहेर. पुढे कित्येक महिने त्यांच्या लघवीची तपासणी होत राहिली आणि तिच्यात किरणोत्सार सापडत राहिला, असं कार्टर यांनी सांगून ठेवलं आहे. ते १०० वर्षे जगले ही वेगळी गोष्ट. पण सराव का करायचा, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

आतल्या माणसांचं काय?

आता माझ्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न.

किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. म्हणून भट्टीभोवती शिसे, पोलाद आणि पाणी यांचं जाड कवच असतं आणि खलाशांच्या अंगावर किरणोत्सार मोजणारा बिल्ला असतो. कवच जितकं जाड तितकी बोट जड आणि महाग. कवच किती ठेवायचं हे ठरवताना रिकोव्हर यांची कसोटी साधी होती, असं त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं सांगत. स्वतःच्या मुलाला या बोटीवर निर्धास्त पाठवता येईल, एवढी ती सुरक्षित हवी. परिणाम असा, की खोल पाण्यात असलेल्या खलाशाला आकाशातून येणारे किरण कमी लागतात आणि भट्टीचेही फारसे लागत नाहीत. अनेकदा त्याची एकूण मात्रा जमिनीवर राहणाऱ्या माणसापेक्षाही कमी भरते. हे ऐकून मुलं चकित होतात. मीही झाले.

पण शरीराला फक्त किरणांचाच त्रास असतो असं नाही. अणुभट्टी थकत नाही, माणूस थकतो.

पहिला प्रश्न हवेचा. शंभर माणसं बंद डब्यात श्वास घेतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड साठत जातो. १९५३ मध्ये न्यू लंडनला हॅडॉक या जुन्या पाणबुडीत २३ स्वयंसेवकांना कोंडून घेऊन प्रयोग झाला. ४२ दिवस त्यांना दीड टक्का कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत ठेवलं. नेहमीच्या हवेच्या जवळजवळ चाळीसपट! त्यांचा श्वास, रक्त, लक्ष, सगळं तपासलं गेलं. पुढे पाण्यातून वीज सोडून प्राणवायू काढणारी यंत्रे आली, कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारी रसायने आली. त्या रसायनाचा वास खलाशांच्या कपड्यांना असा लागतो की घरी गेल्यावरही जात नाही. गंमत म्हणजे एवढी हवा शुद्ध करून त्याच हवेत सिगारेट ओढायला परवानगी होती. अमेरिकन पाणबुड्यांत धूम्रपान बंद व्हायला २०१० साल संपावं लागलं.

दुसरा प्रश्न झोपेचा. कित्येक दशके या बोटींवर दिवस १८ तासांचा होता. सहा तास पहारा आणि बारा तास बाकीची कामं, अभ्यास, दुरुस्ती आणि उरलीच तर झोप. शरीराचं घड्याळ मात्र २४ तासांचंच असतं. ऊन नाही, म्हणून ड जीवनसत्त्वाची कमतरता. घरच्यांचा निरोप आला तर मोजक्या शब्दांचा. क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांसाठी तर प्रत्येक बोटीला दोन पथकं ठेवावी लागली, कारण बोट लगेच पुन्हा निघू शकत होती, माणसं नाही.

आणि इथे रिकोव्हर यांच्यावरही बोट ठेवावं लागतं. किरणांपासून त्यांनी माणसांना जपलं, पण कामाच्या ताणापासून नाही. सततच्या परीक्षा, अचानक तपासणी, एका चुकीवरून उतरवलेला माणूस. अनेक चांगले अधिकारी या ताणाला कंटाळून नौदल सोडून गेले. आपल्यातल्याही कडक शिक्षकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मी वाचलं.

थ्रेशर आणि के-१९

४ जुलै १९६१. सोव्हिएत संघाची के-१९ ही अणुपाणबुडी उत्तर अटलांटिकमध्ये होती. अमेरिकेशी बरोबरी करायची म्हणून ती घाईने बांधली होती. भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याची गळती झाली आणि पर्यायी व्यवस्थाच नव्हती. मग माणसं भट्टीच्या खोलीत शिरली आणि तात्पुरती पाईप जोडून पाणी सोडलं. बोट वाचली. आत गेलेल्यांपैकी आठ जण तीन आठवड्यांच्या आत किरणोत्साराने गेले.

अमेरिकेतही सगळं आलबेल नव्हतं. वेल्डिंग खराब आहे, भलत्याच धातूचे सुटे भाग येतात, तपासणी कागदावरच होते, असं रिकोव्हर १९६२ मध्ये उद्योगांसमोर जाहीरपणे सांगत होते. १० एप्रिल १९६३ रोजी थ्रेशर ही पाणबुडी दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी खोल गेली आणि वर आली नाही. १२९ जण गेले, त्यात १७ नागरिक होते. चौकशीचा निष्कर्ष असा, की बहुधा समुद्राच्या पाण्याच्या पाईपचा एक सांधा फुटला, पाणी विजेच्या यंत्रणेवर उडालं आणि भट्टी बंद पडली. मग वर येण्यासाठी हवा सोडली, तर तिच्यातल्या ओलाव्याचा बर्फ होऊन वाटच तुंबली.

तो सांधा रिकोव्हर यांच्या विभागाचा नव्हता. पण बंद पडलेली भट्टी पुन्हा लवकर चालू करता येत नव्हती, ते नियम त्यांच्या विभागाचे होते. अपघातानंतर ते नियम बदलले गेले. प्रत्येक सांध्याची, प्रत्येक झडपेची नोंद ठेवणारी सुरक्षा पद्धतही नौदलाने त्यानंतरच सुरू केली. बघा, अतिसावधपणाने लिहिलेला नियमही एखाद्या क्षणी जीवघेणा ठरू शकतो. म्हणून नियम पुन्हा पुन्हा तपासावे लागतात.

गोदीतली माणसं आणि भेटवस्तू

पाणबुडी ज्यांनी बांधली त्यांच्या तब्येतीचं काय? १९७८ साली बोस्टन ग्लोब या वृत्तपत्राने बातमी दिली, की मेन राज्यातल्या पोर्ट्समथ नौदल गोदीत अणुविभागातल्या कामगारांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसतं. रिकोव्हर यांनी ते ठामपणे नाकारलं. १९८१ मध्ये सरकारी संस्थेच्या मोठ्या पाहणीत तसं प्रमाण आढळलं नाही, तरी प्रश्न तिथे संपला नाही, त्यावर पुढेही अभ्यास होत राहिले. मात्र एका गोष्टीबद्दल वाद नाही. पाईपवर गुंडाळायचं ॲस्बेस्टॉस गोदीतल्या कामगारांच्या फुप्फुसात गेलं आणि कित्येकांना वीस-तीस वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागली. सगळ्यांचं लक्ष अणूकडे होतं, धूळ मात्र साधीच वाटली.

आता चरित्रातला सगळ्यात अवघड भाग. वर्गात घेताना अनेकजण तो गाळतात, मीही आधी गाळणार होते. पाणबुड्या बांधणाऱ्या कंपन्या जास्त बिलं लावतात, काम खराब करतात, म्हणून रिकोव्हर आयुष्यभर त्यांच्याशी भांडले. पण इलेक्ट्रिक बोट ज्यांच्या मालकीची, त्या जनरल डायनॅमिक्सकडून त्यांनी १६ वर्षांत सुमारे ६७ हजार डॉलरच्या भेटवस्तू घेतल्याचं १९८० च्या दशकात उघड झालं. त्यात पत्नीसाठी दागिनेही होते. १९८५ मध्ये नौदलाने त्यांना लेखी ठपका दिला आणि कंपनीला दंड केला. या भेटींमुळे आपला एकही निर्णय बदलला नाही, असं रिकोव्हर यांचं म्हणणं होतं. ते खरंही असेल. पण दुसऱ्याच्या वहीतली प्रत्येक रेघ तपासणाऱ्या मास्तरांनी स्वतःची वही कोणाला तपासू दिली नाही, हेही तितकंच खरं.

शेवटची साक्ष

८२ व्या वर्षी, ३१ जानेवारी १९८२ रोजी सरकारने त्यांना निवृत्त केलं. जायच्या आधी काही दिवस संसदेच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आपल्या जहाजांचं कौतुक सांगेल. त्यांनी उलटंच सांगितलं. या जहाजांचा आपल्याला अभिमान वाटत नाही, देशाच्या रक्षणासाठी ती नाइलाजाने लागतात, आपल्या हातात असतं तर सगळी बुडवून टाकली असती, अशा अर्थाचं ते बोलले. पृथ्वीवरचा किरणोत्सार कमी व्हायला अब्जावधी वर्षे लागली, तेव्हा कुठे जीवसृष्टी आली आणि आता माणूस पुन्हा तोच निर्माण करतोय, हे त्यांचं दुःख होतं.

ज्यांच्या देखरेखीखाली शंभराहून अधिक अणुशक्तीची जहाजं समुद्रात गेली, त्यांचे हे शब्द आहेत. आज निवृत्त अमेरिकन अणुपाणबुड्या कापून त्यांच्या भट्टीचे कप्पे वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला जमिनीत नेऊन ठेवतात. बोट तीस वर्षे चालते. ते कप्पे सांभाळायचे असतात कितीतरी पिढ्यांनी.

शिक्षणावर प्रेम

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. रिकोव्हर यांनी पाणबुडीइतकंच डोकं शाळांसाठी चालवलं. शिक्षण आणि स्वातंत्र्य या विषयावर त्यांचं पुस्तक १९५९ मध्ये आलं, नंतर स्वित्झर्लंडच्या शाळांशी तुलना करणारं पुस्तक आलं. मुलांना सोपं तेवढंच शिकवलं तर ती पुढे गुंतागुंतीच्या यंत्रांपुढे हतबल होतील, असं त्यांचं मत होतं. निवृत्तीनंतर १९८३ मध्ये हुशार मुलांना संशोधनाची गोडी लावणारी संस्था त्यांनी सुरू केली. ती आजही चालते.

आणि आपल्याकडे?

आपली आयएनएस अरिहंत २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला पाण्यात उतरली. तिच्या अणुभट्टीमागे आपल्या मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ आहेत. आयडाहोसारखीच आधी जमिनीवरची भट्टी कल्पाक्कमला चालवून बघितली गेली. मार्ग तोच, आधी जमिनीवर सराव, मग समुद्र. म्हणून हे चरित्र परक्या देशातलं असलं तरी आपल्यासाठी परकं नाही.

वर्गात घेताना

१. कुकरपासून सुरुवात करून वाफ, टर्बाइन, पंखा असं चित्र मुलांकडून काढून घ्या.
२. स्ट्रॉ आणि चिकटपट्टी वापरून पाण्याची नळी जोडायला द्या. एकाने जोडायची, दुसऱ्याने तपासायची आणि तपासणाऱ्याने सही करायची. गळती झाली तर दोघेही जबाबदार. सही करताना मुलांचे चेहरे बघा!
३. मोठ्या मुलांना विचारा : रिकोव्हर यांनी भेटवस्तू घेतल्या, तरी त्यांचं काम मोठं म्हणायचं का? उत्तर देऊ नका, बोलू द्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला उत्तर दिलं. आतल्या माणसांना काही होऊ नये म्हणून बाहेर कोणीतरी प्रत्येक सांधा स्वतः तपासावा लागतो. तो तपासला तर बहुतेक वेळा काही होत नाही. एक सांधा राहिला तर १२९ माणसं परत येत नाहीत. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, की तपासणारा दमला तर?

या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. तुमच्या वर्गात निघालं तर मला जरूर कळवा.